विनोबांची कुदळ आणि आजोबांची काठी

गेल्या पावसाळ्यात कुंभिवलीचे एक आजोबा ओपीडीत आले होते. ओटीवरून अंगणात उतरताना शेवाळावर त्यांचा पाय सरकला आणि ते पडले. हाड मोडले नव्हते, कोपर तेवढे खरचटले होते. पण घरच्यांनी धसका घेतला. आजोबांचे बांधावर जाणे बंद झाले, देवळापर्यंतचा फेरा बंद झाला, जेवणाचे ताटही खाटेवर येऊ लागले. तीन महिन्यांनी ते माझ्यासमोर आले तेव्हा खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागत होती. मांड्या सुकल्या होत्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि बोलणेही कमी झाले होते. मुलाचे प्रेम खरे होते, पण आजोबांचे नुकसान त्या पडण्याने केले त्याहून जास्त नंतरच्या बसण्याने केले होते.

त्या दिवशी औषधे लिहून झाल्यावर मी त्यांना एका शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. शेजारी म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलाच माणूस. खोपोलीहून पेणच्या दिशेने गेले की गागोदे लागते. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखते. भूदान, गीता, गांधीजी या बाजूंनी त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्याकडे वैद्यकाच्या बाजूने पाहावेसे वाटते, कारण त्यांच्या शरीराची कहाणी फारशी कोणी सांगत नाही.

विनोबा जन्मतः पहिलवान नव्हते. अंगकाठी बारीक आणि प्रकृती नाजूक. लहानपण गागोद्यात गेले, पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. तिथे या मुलाला दोनच वेडे होती, वाचणे आणि मैलोन्‌मैल भटकणे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला. पण आश्रमातल्या कष्टांनी प्रकृती ढासळली. १९१७ मध्ये त्यांनी रजा घेतली, वाईला राहून संस्कृतचा अभ्यास केला आणि तब्येत सुधारण्यासाठी व्यायाम हाती घेतला. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, मग जात्यावर दळणे, पुढे तीनशे सूर्यनमस्कार. मधल्या काळात महाराष्ट्रातून काही शे मैलांची पायपीटही झाली. ठरवल्याप्रमाणे एका वर्षात ते आश्रमात परत हजर झाले.

१९२१ पासून ते वर्ध्याला होते. आश्रम, सूतकताई, अध्यापन, मध्ये मध्ये तुरुंग. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. मात्र या सगळ्यात शरीराचे खाते रिकामे होत गेले. १९३८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, विनोबा इतके खंगले की गांधीजींनाही काळजी वाटू लागली. त्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, हवापालट करावा असे सुचवले गेले. विनोबांनी हवापालटासाठी जागा निवडली ती वर्ध्यापासून काही मैलांवरचे पवनार. धाम नदीच्या काठावर जमनालाल बजाज यांचा एक बंगला होता. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या सगळ्या जबाबदाऱ्या मनातून उतरवून ठेवल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

आणि मग त्यांनी जे केले ते मला आजच्या कोणत्याही पुनर्वसन केंद्रात शिकवण्याजोगे वाटते. त्यांनी कुदळ हातात घेतली. पहिल्या दिवशी जेमतेम काही मिनिटे खणले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी थोडी भर. दम लागला की थांबायचे, पण दिवस चुकवायचा नाही. असे करत करत मिनिटांचे तास झाले. खाणे अंगी लागले, वजन वाढले आणि खंगलेला माणूस काही महिन्यांत धडधाकट झाला. याच खणण्यात भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प त्यांना सापडले. ते आजही पवनारला आहे.

शरीराच्या दृष्टीने पाहिले तर खणणे म्हणजे पाय रोवून उभे राहणे, कंबरेतून वाकणे, पुन्हा सरळ होणे, तोल एका पायावरून दुसऱ्यावर नेणे. मांडी, पोटरी आणि पाठ यांची ताकद व तोल यांचा हा एकत्र व्यायाम. घरी राहणाऱ्या वृद्धांवरील १०८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यातली मेख अशी की फायदा मुख्यतः तोल आणि ताकद या दोन्हींच्या व्यायामाचा होता. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. चालणे हृदयाला आणि मेंदूला चांगलेच, पण पडू नये म्हणून पायांना वाकणे, उठणे, तोलणे हेही लागते. विनोबांना चालण्याच्या आधी कुदळीने उभे केले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली वये कोणी मोजत नाही. मार्च १९५१ मध्ये सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. अंतर सुमारे तीनशे मैल आणि वय पंचावन्न. आपल्याकडे या वयात निवृत्तीचे हिशेब सुरू होतात. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदानाचा उगम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पवनारहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पायीच दिल्लीला पोचले. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे हा माणूस देशभर चालत होता. पहाटे तीनच्या सुमारास उठायचे, कंदिलाच्या उजेडात निघायचे, दहा-बारा मैल चालून पुढचे गाव गाठायचे. आहार दूध-दह्याचा, तोही थोडा, कारण पोटात अल्सरचे जुने दुखणे होते. १९५९ साली काश्मीरमध्ये पीर पंजालची तेरा हजार फुटांहून उंच वाट त्यांनी चालून ओलांडली तेव्हा त्यांना चौसष्टावे वर्ष लागले होते.

या चालण्यात एक गोष्ट मला विशेष वाटते. विनोबा मुकाट चालत नसत. बरोबरच्या लोकांशी चर्चा चाले, प्रश्नोत्तरे होत, नव्या भाषेचे धडेही चालता चालता घेतले जात. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधे निरीक्षण मांडले. सोबत चालणाऱ्याने बोलायला सुरुवात केली की काही वृद्ध चालायचे थांबतात, मगच उत्तर देतात. असे थांबणारे पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा बरेच जास्त पडले. कारण चालणे हे केवळ पायांचे काम नाही. पाऊल कुठे टाकायचे, तोल कसा सावरायचे हे मेंदू ठरवतो. मेंदूची शिल्लक कमी झाली की बोलणे आणि चालणे ही दोन कामे एकदम जमत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाची चाल मंदावली किंवा तो वारंवार पडू लागला, तर आम्ही गुडघ्यांबरोबर त्याची स्मृतीही तपासतो.

इथे रक्ताभिसरणाचा धागा येतो. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतल्या रोहिण्यांमधले संवेदक ते ओळखतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि मेंदूचा पुरवठा टिकतो. वयाबरोबर ही यंत्रणा सुस्त होते. अंथरुणाला खिळून राहिले की आणखी सुस्त होते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर अंधारी येऊन माणूस पडू शकतो. कुंभिवलीच्या आजोबांचे नेमके हेच झाले होते. दुसरीकडे, वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. त्यातून चाल आणि स्मरण दोन्ही बिघडतात. म्हणजे रक्तदाब फार वाढणे वाईट आणि उठताना एकदम उतरणेही वाईट.

नियमित चालण्याने मेंदूला काय मिळते, यावर २०११ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला. १२० वृद्धांपैकी एका गटाने वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, वाढवत वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. स्मृतीशी संबंधित असलेला मेंदूचा भाग या गटात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात घटला. सगळ्याच अभ्यासांत इतका स्पष्ट परिणाम दिसलेला नाही, हेही सांगायला हवे. पण दिशा तीच आहे.

विनोबांचे शिकणे मात्र कधीच थांबले नाही. तुरुंगात असताना त्यांनी दक्षिणेतल्या चारही भाषा शिकून घेतल्या आणि नवे शिकण्याची ही सवय पदयात्रेतही टिकली. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा भेटायला येणारे कागदावर प्रश्न लिहून देत आणि संवाद चालू राही. कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे एक मोठे कारण म्हणून आज ओळखले जाते. ऐकू येत नाही म्हणून माणसाला गप्पांतून वगळले की मेंदूही निवृत्त होतो. १९७० नंतर ते पवनारलाच स्थिरावले. तिथेही अंगणातला काडीकचरा वाकून वेचण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. वाकणे आणि सरळ होणे सुटले नव्हते.

नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा उतार पडला, पण त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवले. १५ नोव्हेंबरला, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. या निर्णयावर तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. तो एका साधकाचा स्वतःच्या शेवटाविषयीचा निर्णय होता, त्याला मी वैद्यकाची फूटपट्टी लावणार नाही. पण त्यांचे नाव सांगून कोणी रक्तदाबाची गोळी बंद केली, तर त्याला मी चांदीलची आठवण करून देईन. पदयात्रेत तिथे त्यांना भयंकर मलेरिया झाला होता. आधी ते औषधाला नाही म्हणाले, मग लोकांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी औषध घेतले, बरे झाले आणि पुढे बरीच वर्षे चालले.

एका माणसाचे आयुष्य म्हणजे पुरावा नव्हे. विनोबांसारखे चालूनही कोणी पडेल, न चालणारा कोणी नव्वदी गाठेल. तरी त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट संशोधनाशी तंतोतंत जुळते. दुबळ्या शरीराला बसवून ठेवायचे नसते, त्याला झेपेल तेवढेच पण रोज काम द्यायचे असते.

घरात कोणी पडले असेल तर काय करावे? आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि झोपून व उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगा. गोळ्यांमुळे अंधारी येत असेल तर मात्रा बदलता येते, स्वतःहून गोळी बंद करू नका. सकाळी उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर व्यायाम सुरू करा. भक्कम खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून एकापुढे एक पाऊल ठेवून दहा सेकंद उभे राहणे, एवढी सुरुवात पुरे. शेजारी कोणी तरी असावे आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. ओटीवरचे शेवाळ घासून काढा, मोरीत पकडायला दांडी बसवा, काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर बदला, डोळे आणि कान तपासून घ्या. डोक्याला मार लागला असेल आणि काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, गुंगी, डोकेदुखी किंवा गोंधळलेपणा जाणवला तर थेट रुग्णालय गाठा. चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

आजोबांच्या एका गोळीची मात्रा मी कमी केली आणि मुलाला खुर्चीचा व्यायाम शिकवला. पहिल्या आठवड्यात आधाराने तीनदा उठणे, तेवढेच. दिवाळीनंतर ते पुन्हा आले. हातात काठी होती, मुलगा दोन पावले मागे होता. कुठवर जाता, असे विचारले तर म्हणाले की सध्या देवळापर्यंत, बांधावर जायला अजून मुलाची परवानगी नाही. ती परवानगी मी मुलाकडून तिथल्या तिथे मिळवून दिली. अट एकच, बांध कोरडा हवा आणि कोणी तरी सोबत हवे.