लाफकादिओ हर्न : नरकाच्या भीतीपासून निर्वाणाच्या विचारापर्यंत



माणूस जन्माने किंवा संगोपनाने मिळालेला धर्म सोडतो तेव्हा नेमके काय सोडतो, हा प्रश्न चरित्रकाराला नेहमीच अडचणीत टाकतो. प्रार्थनेला जाणे कधी थांबले, याची तारीख कदाचित सापडते. मनातली भीती कधी थांबली, याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. या पाठात आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत, त्या लाफकादिओ हर्न यांच्या बाबतीत ही अडचण पदोपदी जाणवते. जपानमध्ये ते कोइझुमी याकुमो या नावाने ओळखले जातात आणि जुन्या जपानी भूतकथा जगाला सांगणारा लेखक म्हणून त्यांची ख्याती आहे. त्यांच्या वाङ्मयाचा विचार आपण येथे त्यांच्या श्रद्धेच्या प्रवासापुरताच करू.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसच्या पश्चिमेकडील आयोनियन समुद्रातल्या लेफ्कादा बेटावर झाला. हे बेट त्या काळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. वडील चार्ल्स हर्न हे ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यचिकित्सक आणि प्रॉटेस्टंट; आई रोझा कासिमाती ही किथिरा बेटावरची ग्रीक स्त्री, ऑर्थोडॉक्स पंथाची. मुलाचा बाप्तिस्मा आईच्या पंथाप्रमाणे झाला. १८५२ मध्ये मायलेकरे डब्लिनला आली. भाषा, हवामान आणि सासरची माणसे यांपैकी काहीच रोझाला मानवले नाही. १८५४ मध्ये ती ग्रीसला परतली आणि नंतर त्या मुलाला ती पुन्हा कधीच दिसली नाही. वडिलांनी तो विवाह रद्द ठरवून घेतला, दुसरे लग्न केले आणि ते नोकरीनिमित्त हिंदुस्थानात निघून गेले. १८६६ मध्ये परतीच्या प्रवासात सुएझच्या आखातात त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे तीन ख्रिस्ती पंथांपैकी एकाचा बाप, दुसऱ्याची आई, आणि दोघेही दूर. मुलाला वाढवले ते तिसऱ्या पंथाने. आजीची बहीण सारा ब्रेनन ही श्रीमंत विधवा लग्नानंतर कॅथलिक झाली होती. तिने या मुलाला आपला वारस मानून सांभाळले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या वृद्धेने मुलाला धर्मशिक्षण देण्याची फारशी घाई केली नव्हती. ते काम केले घरी येऊन राहणाऱ्या जेन नावाच्या एका धर्मनिष्ठ तरुणीने. मुलाला देवाविषयी काहीच ठाऊक नाही हे पाहून ती हादरली आणि तिने त्याला अनंतकाळ जळत राहणाऱ्या नरकाचे वर्णन ऐकवले. मुलाने तिचा द्वेष केला. ती मरावी असेही त्याला वाटले. पुढे एके दिवशी ती घरात नसतानाच तिची आकृती त्याला दिसली. त्या आकृतीला चेहरा नव्हता. काही काळाने जेन खरोखरच आजारी होऊन आली आणि क्षयाने मरण पावली. मनात आणलेल्या इच्छेचे पाप आपल्या माथी आले, असे त्या वयातल्या मुलाला वाटले असेल तर नवल नाही. ही हकीकत हर्न यांनी स्वतःच प्रौढपणी लिहून ठेवली आहे. स्मरणात काळाने काही भर घातली असेल हे चरित्राच्या अभ्यासकाने गृहीत धरावे. पण भीती खरी होती, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्याला अंधाराची भीती वाटे, म्हणून ती मोडण्यासाठी रात्री दिव्याशिवाय खोलीत बंद करून ठेवण्यात येई. भीती मोडली नाही. या शिक्षेमागे दुष्टपणा नव्हता, पण बालमनाची जाणही नव्हती.

याच घरातल्या ग्रंथालयात त्याला ग्रीक देवदेवतांच्या चित्रांचे एक पुस्तक सापडले. आईच्या देशाचे ते देव त्याला विलक्षण सुंदर वाटले. पुस्तक काही दिवस नाहीसे झाले आणि परत आले तेव्हा देवतांची नग्नता शाईने झाकलेली होती. ज्यांना सैतान म्हणतात ते सुंदर आहेत आणि ज्याची भक्ती करायची तो भयंकर आहे, असा उलटा धडा मुलाने त्यातून घेतला.

१८६३ मध्ये त्याला इंग्लंडमध्ये डरहॅमजवळच्या अशॉ येथील कॅथलिक विद्यालयात पाठवण्यात आले. तेथे तो इंग्रजी निबंधलेखनात चमकला आणि खोडकर म्हणूनही गाजला. वाळवंटातील तपस्व्यांकडे येतो तसा सैतान सुंदर स्त्रीच्या रूपाने आपल्याकडे यावा, अशी इच्छा त्याने पापनिवेदनात सांगितली होती म्हणे. धर्मगुरू गंभीरपणे रागावले, तेव्हा असे घडणे शक्य आहे तर, असा आनंद त्याला झाला. सोळाव्या वर्षी खेळताना त्याचा डावा डोळा कायमचा गेला. उरलेल्या डोळ्यावर ताण येऊन तो बटबटीत दिसू लागला. हर्न यांची छायाचित्रे पाहिलीत तर बहुतेकांत चेहरा एका बाजूला वळवलेला किंवा नजर खाली झुकवलेली आढळेल. पाठोपाठ एका नातेवाइकाच्या सट्टेबाजीत साराबाईंची संपत्ती बुडाली, विद्यालय सुटले आणि १८६९ मध्ये एकोणीस वर्षांचा हा तरुण जवळजवळ निष्कांचन अवस्थेत अमेरिकेला धाडला गेला.

सिनसिनाटी शहरात हेन्री वॉटकिन या मुक्त विचारांच्या इंग्रज मुद्रकाने त्यांना आसरा दिला. छापखान्यातील कागदाच्या कपट्यांवर झोपून त्यांनी दिवस काढले. पुढे ते वार्ताहर झाले. १८७४ मधील एका भीषण खुनाच्या वृत्तांताने त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी त्यांनी जन्माने गुलाम असलेल्या ॲलेथिया फोली हिच्याशी विवाह केला. ओहायोच्या कायद्याला असा मिश्रवर्णीय विवाह मान्य नव्हता आणि त्यावरून त्यांची नोकरी गेली. हे धैर्य मान्य करावे लागेल. पण तो संसार टिकला नाही आणि १८७७ मध्ये हर्न तिला मागे ठेवून न्यू ऑर्लिन्सला गेले, हेही तितकेच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. स्वतः टाकले गेलेल्या माणसाने दुसऱ्याला टाकावे, ही या चरित्रातील अप्रिय बाजू आहे; चरित्रनायकाच्या प्रेमापोटी ती झाकू नये.

न्यू ऑर्लिन्समधील दहा वर्षांत हर्न यांच्या विचारांना वळण लागले. देवावरचा विश्वास केव्हाच गेला होता. रिकामी जागा मात्र शिल्लक होती. एडविन अर्नोल्ड यांचे १८७९ मधील बुद्धचरित्रपर काव्य त्यांनी वाचले, भारतीय व बौद्ध कथांची भाषांतरे वाचली आणि १८८४ च्या आपल्या एका संग्रहात अशा कथा नव्याने सांगितल्या. भाषेच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक नोंद करावी : १८८५ मध्ये त्यांनी सहा क्रिओल बोलींमधील म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला. अशा बोलींना मोडकीतोडकी भाषा समजून हसण्याचा तो काळ होता.

याच सुमारास एका मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी हर्बर्ट स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचले आणि ते अखेरपर्यंत स्पेन्सर यांचे शिष्य म्हणवत राहिले. येथे तुम्हांला गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण व्हावे. त्याच दशकात पुण्यात आगरकर स्पेन्सर आणि मिल यांच्या विचारांतून बुद्धिवाद व समाजसुधारणेकडे गेले होते. विश्वाचे अंतिम कारण अज्ञेय आहे, हा स्पेन्सर यांचा सिद्धान्त दोघांच्याही समोर होता. आगरकरांनी त्यातून रूढींवर प्रहार करण्याचे बळ घेतले. हर्न यांना मात्र त्यात बौद्ध विचाराचे दार उघडलेले दिसले. एकच ग्रंथकार दोन मनांत दोन रोपे कशी रुजवतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मार्तिनिक बेटावर दोन वर्षे काढल्यानंतर ४ एप्रिल १८९० रोजी हर्न योकोहामाला उतरले. एका नियतकालिकासाठी लिहायला आलेल्या या लेखकाने प्रकाशकांशी भांडण केले आणि पोटासाठी मात्सुए या आडबाजूच्या गावी इंग्रजीचा शिक्षक म्हणून काम पत्करले. तेथे एका विपन्न सामुराई घराण्यातील सेत्सु कोइझुमी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दोघांची भाषा वेगळी. हर्न यांना जपानी वाचता येत नसे, सेत्सुंना इंग्रजी येत नसे. मग घरात एक तिसरीच भाषा तयार झाली. तिला हर्न साहेबांची बोली या अर्थाचे नाव पडले. जपानी वाक्यात मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि नामांना मागून प्रत्ययवजा शब्द लागतात. या बोलीत ते शब्द गळाले, क्रियापदाची रूपे बदलेनाशी झाली. मी घरी जाऊन पुस्तक आणतो, याऐवजी मी घर जाणे, पुस्तक आणणे, असे कोणी म्हणावे तसे. आयुष्यभर भाषाविज्ञान शिकवूनही मला या बोलीचे नवल संपत नाही. कारण हर्न यांच्या प्रसिद्ध कथा याच तुटपुंज्या साधनातून आल्या. रात्री दिवा मंद करून सेत्सु गोष्ट सांगत. पुस्तकातून वाचून दाखवायचे नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचे, असा पतीचा हट्ट असे.

मात्सुएनंतर कुमामोतो, मग कोबे. १८९३ मध्ये पहिला मुलगा झाला. आता हर्न यांच्यावर पत्नीच्या वडीलधाऱ्यांसह मोठ्या कुटुंबाचा भार होता. आपल्यामागे पत्नी व मुले निराधार होऊ नयेत म्हणून १८९६ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि सासरच्या घराण्यात नाव दाखल करून ते कोइझुमी याकुमो झाले. परदेशी अध्यापकांना मिळणारे मोठे वेतन त्यामुळे धोक्यात येत होते. वडिलांनी जे केले नाही ते त्यांनी केले, असे मी म्हणेन. ॲलेथियाच्या वेळी त्यांनाही ते जमले नव्हते.

त्यांचा बौद्ध विचार याच वर्षांत आकाराला आला. १८९७ च्या ग्रंथात निर्वाणावर त्यांचा दीर्घ निबंध आहे. अविनाशी आत्मा नाही, मी म्हणजे असंख्य घटकांचा क्षणभर जमलेला मेळ, हा अनात्मवाद त्यांना पटला. कर्म आणि पूर्वजन्म यांचा अर्थ मात्र त्यांनी स्पेन्सरच्या आनुवंशिकतेच्या चष्म्यातून लावला : आपल्यात जगतात ते आपले पूर्वज. कोणताही बौद्ध पंडित यावर आक्षेप घेईल, आणि तो रास्तच असेल. बौद्ध मताप्रमाणे कर्म वंशातून उतरत नाही. तरीही हर्न यांना या चुकीची गरज का होती, ते पाहा. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ते लहानपणच्या त्या अंधाऱ्या खोलीकडे परत गेले आणि मुलाची भुताची भीती म्हणजे अगणित पूर्वजांनी दुःस्वप्नांत भोगलेली भीती होय, असे त्यांनी मांडले. नरकाची शिक्षा म्हणून आलेली भीती आता वारसा झाली होती. तिच्यात कोणाचे पाप उरले नव्हते.

त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा मात्र कधी घेतली नाही. मिशनऱ्यांविषयी, विशेषतः जेझुइटांविषयी, त्यांचा कडवटपणा मात्र कधीकधी न्याय्यतेची मर्यादा ओलांडत असे. सोडलेल्या धर्माशी त्यांचे भांडण संपले नव्हते.

१८९६ पासून ते टोकिओच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्मय शिकवत होते. घराशेजारच्या कोबुदेरा या बौद्ध मंदिरात ते रोज फिरायला जात. मंदिराच्या आवारातील तीन मोठे देवदार एके दिवशी तोडलेले दिसले, तेव्हा त्यांना इतके दुःख झाले की तो परिसरच त्यांना नकोसा वाटू लागला. १९०३ मध्ये विद्यापीठाने त्यांना दूर केले. विद्यार्थ्यांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत नात्सुमे सोसेकी होते, जे पुढे जपानचे थोर कादंबरीकार झाले.

१९०४ मध्ये ‘क्वाइदान’ प्रसिद्ध झाले. त्यातील एका छोट्या कथेत रात्रीच्या रस्त्याकडेला एक स्त्री रडत बसलेली असते. वाटसरू सांत्वन करायला जातो, ती वळते आणि तिला चेहरा नसतो. कथा जपानी आहे, जुनी आहे. डब्लिनच्या घरातील जेनची आठवण तुम्हांला येथे झाली असेल. फरक एवढाच की हर्न यांनी ती आता शांतपणे, जवळजवळ विनोदाच्या सुरात सांगितली आहे.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधी कोबुदेरा मंदिरात बौद्ध पद्धतीने झाला. टोकिओतील झोशिगाया दफनभूमीत त्यांची समाधी आहे. त्याच दफनभूमीत पुढे १९१६ मध्ये सोसेकीही विसावले. सेत्सु यांनी दहा वर्षांनी पतीच्या आठवणी सांगितल्या. हर्न यांच्या घरगुती जीवनाविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बरेचसे त्या आठवणींतूनच आलेले आहे.