पाणी तोलणारा सम्राट

चीनच्या चिंग (मांचू) घराण्यातील सम्राट चिएन लुंग इतिहासाला ठाऊक आहे तो साम्राज्यविस्तारासाठी, प्रचंड ग्रंथसंग्रहासाठी आणि त्याच काळात जाळल्या गेलेल्या ग्रंथांसाठी. चहाच्या रसिकांना मात्र तो आठवतो पाण्याचे वजन करणारा राजा म्हणून.

25 सप्टेंबर 1711 रोजी जन्मलेला हा राजपुत्र 1735 मध्ये गादीवर आला. त्याआधी सहा वर्षे, पित्याच्या कारकिर्दीत, नैर्ऋत्येच्या युनान प्रांतात पु-एर हा प्रशासकीय विभाग स्थापन झाला होता. तेथील चहा खंडणी म्हणून बीजिंगला जाऊ लागला. चहाच्या डोंगरांतील जमातींना या कारभाराचा जाच होऊ लागला आणि 1732 मध्ये तेथे बंड उसळले.

पु-एर हा आपल्या ओळखीचा चहा नव्हे. मोठ्या पानांचा हा चहा उन्हात वाळवून, वाफवून, दाबून त्याच्या चकत्या किंवा गोळे करतात. खेचरांच्या पाठीवरून त्याचा प्रवास महिनोन्महिने चाले. साठवणीत सूक्ष्मजीवांमुळे पान सावकाश आंबत जाते. कोवळेपणीचा बोचरा कडवटपणा वर्षागणिक निवतो, रंग गर्द तांबूस होतो. जुन्या लाकडाचा, भिजल्या मातीचा, क्वचित कापराचा गंध येतो. जाणकार पहिले उकळते पाणी ओतून टाकतात. मग त्याच पानांवर पुनःपुन्हा पाणी घालून लहान पेले भरतात. प्रत्येक पेल्याची चव वेगळी. घाईने घोट घेणाऱ्याला त्यात फारसे काही सापडणार नाही. अर्थात जुन्या पु-एरला सोन्याचे मोल आले ते विसाव्या शतकात. ओल्या ढिगात पाने झटपट आंबवण्याची पद्धत तर कुनमिंगच्या कारखान्यात 1973 मध्ये रुळली.

चिएन लुंगचे लक्ष मुख्यतः पाण्यावर होते. चांदीचे माप करवून त्याने ठिकठिकाणच्या झऱ्यांचे पाणी तोलले आणि सर्वांत हलके ठरलेल्या, बीजिंगजवळच्या युछ्वान झऱ्याला पहिला मान दिला. बर्फाचे पाणी त्याहून हलके भरले, पण ते बारमाही कोठून मिळणार? नववर्षाच्या मेजवानीत प्लमची फुले, चिलगोजे आणि सुवासिक लिंबूवर्गीय फळ घातलेला चहा तो दरबारी कवींना देई. त्याच्या नावावर चाळीस हजारांहून अधिक कविता आहेत. त्यांपैकी एकीत पु-एरचा नावानिशी उल्लेख आढळतो.

दक्षिणेच्या सहा दौऱ्यांत तो हांगचौच्या चहामळ्यांत गेला. युनानला मात्र तो कधीच गेला नाही. तेथे गेले ते त्याचे सैन्य. 1765 मध्ये पु-एरलगतच्या सीमेवरील चकमकींतून ब्रह्मदेशाशी युद्ध पेटले. 1769 पर्यंत चार स्वाऱ्या झाल्या आणि चारही फसल्या. हिवतापाने हजारो सैनिक दगावले. बादशहाने तरीही या मोहिमेची गणना आपल्या दहा महान विजयांत केली. चवीच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस हिशेबात इतका सैल कसा, असा प्रश्न पडतो.

1793 मध्ये ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी भेटीस आला, तेव्हा त्याला मिळालेल्या आहेरात पु-एर चहाही होता. व्यापाराच्या सवलती मात्र नाकारण्यात आल्या. आजोबांहून अधिक काळ राज्य करायचे नाही म्हणून 1796 मध्ये चिएन लुंगने गादी सोडली, सत्ता मात्र हाती ठेवली. 7 फेब्रुवारी 1799 रोजी तो निधन पावला.

चिंग दरबाराच्या कोठारातील खंडणीच्या पु-एरचे भोपळ्याएवढे गोळे पुढे जपून ठेवण्यात आले. त्यांतील चहा उकळून पाहणाऱ्यांना रंग मिळाला. चव मात्र फिकी झाली होती.