हाली सिक्क्याचा दिवाण

माझ्या लहानपणी माजलगावची म्हातारी माणसे जुन्या व्यवहाराची गोष्ट निघाली, की ‘हाली की कलदार?’ असे हटकून विचारीत. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा, यंत्रावर पाडलेला. सात हालींचे सहा कलदार. १९५९ साली हाली चलनातून गेला, पण बोलण्यातून जायला आणखी बरीच वर्षे लागली. या हालीमागे उभा असलेला माणूस मात्र आपण मराठवाडेकर जवळजवळ विसरलो आहोत. मीर तुराब अली खान, अर्थात पहिले सालारजंग.

१८२९ साली विजापुरात जन्म. १८५३च्या मे महिन्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, दिवाणी गळ्यात पडली. गळ्यातच म्हणायचे. कारण त्याच महिन्यात कंटिन्जंट फौजेच्या कर्जापायी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. तालुके इजाऱ्यावर दिलेले. इजारदार रयतेला पिळून घेई. पगार थकलेले अरब जमादार गावेच गहाण धरून वसुली करीत.

त्यात नाण्यांचा गोंधळ. राज्यात टांकसाळी अनेक आणि प्रत्येकीचा रुपया निराळ्या वजनाकसाचा. चोख नाणे घरात पुरले जाई, हिणकस तेवढे बाजारात फिरे. कुणब्याने सारा भरायला रुपया काढला, की सराफ आधी बट्टा कापणार! इंग्लंडलाही हा रोग जडला होता. तिथे १६९६ साली कातरलेली चांदीची नाणी मागे घेतली, तर नवी पुरेनात आणि व्यवहार खोळंबले.

सालारजंगांनी बाहेरच्या टांकसाळी बंद करून हैदराबादेत एकच सरकारी टांकसाळ चालवली. हाली म्हणजे चालू, तोच हा सिक्का. १८५७नंतर त्यावरून दिल्लीच्या बादशहाचे नाव गेले, आसफजाही नाव आले. इजारे मोडून १८६५ साली जिलाबंदी केली, पगारी तालुकदार नेमले. जहागिऱ्या मात्र तशाच राहिल्या, आणि जहागिरीतल्या रयतेला या सुधारणांचा फारसा उपयोग झाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

१८५७च्या उठावात ते इंग्रजांच्या बाजूने राहिले. मला ते आजही खुपते. मोबदल्यात १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड नाही. त्यासाठी ते शेवटपर्यंत झगडले. १८७६ साली विलायतेला गेले. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, वऱ्हाड कुणी दिले नाही. १८८३च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही ते दिवाणच होते. पुढे १९०२ साली कर्झनने सालिना पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमचे पट्ट्याने लिहून घेतले.