ताठ मानेचा शायलॉक

शाळेत 'मर्चंट ऑफ व्हेनिस' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. वर्गात मी एकटाच इस्रायली, म्हणून शायलॉकची भूमिका आयती माझ्या गळ्यात पडली. मास्तर म्हणाले, पाठ वाकव, हात चोळ, आवाज किनरा काढ. पोरं हसली. मीही हसलो, पण घरी आईला काही सांगितलं नाही.

पुढे म्हातारपणी न्यूयॉर्कला लेकीकडे गेलो, तेव्हा जेकब अ‍ॅडलर या नटाची हकिगत वाचायला मिळाली.

अ‍ॅडलर १८५५ साली ओडेसात जन्मला. यिद्दिश ही तिकडच्या ज्यूंची घरातली बोली, आपली मराठी तशी. १८८३ मध्ये झारच्या सरकारने यिद्दिश नाटकांवर बंदी घातली. मग तो आधी लंडनला गेला आणि काही वर्षांनी न्यूयॉर्कला स्थिरावला. लग्नं तीन केली. त्यावर वेगळा लेख लागेल! न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला तेव्हा शिवणकाम करणारे, फेरीवाले ज्यू दाटीवाटीने राहत, आणि पोटाला चिमटा काढून नाटकाची तिकिटं काढत. १८९२ मध्ये जेकब गॉर्डिनने त्याच्यासाठी 'ज्युईश किंग लिअर' लिहिलं. मुलींना इस्टेट वाटून भिकेला लागलेला बाप तो असा करी की, असं सांगतात, एक प्रेक्षक उठून त्याला आपल्या घरी जेवायलाच बोलवू लागला.

१९०१ साली त्याने यिद्दिशमध्ये शायलॉक केला. १९०३ मध्ये ब्रॉडवेवर तर बाकी सगळे नट इंग्रजीत बोलत आणि हा एकटा यिद्दिशमध्ये. कोर्टात सगळे एका बाजूला आणि परका माणूस एका बाजूला, हे प्रेक्षकांना नुसतं ऐकूनच कळे.

पण खरी गंमत त्याच्या विचारात आहे. तोवर बरेच नट शायलॉकला कंजूष, लाचार म्हातारा करत. अ‍ॅडलरने साधा हिशेब केला. हा माणूस श्रीमंत आहे, मग कपडे उंची हवेत, चाल रुबाबदार हवी. कोर्टात दुप्पट रक्कम समोर ठेवली तरी तो घेत नाही, म्हणजे पैशांचा लोभ हे कारण नव्हे. ज्या अँटोनिओने बाजारात अंगावर थुंकून त्याला कुत्रा म्हटलं, त्यालाच आपल्या दारी यावं लागलं. शायलॉकला त्याची मान खाली गेलेली पाहायची आहे. त्याला चालवतो तो स्वाभिमान, असं अ‍ॅडलरचं मत. एकदा हे ठरलं की तेच वाक्य गयावया वाटत नाही, टोमणा वाटतो.

मुलगी पळून गेल्यावर रिकाम्या घरात तो आरडाओरडा करत नसे. बसून हळू आवाजात जुनं रडगाणं गुणगुणे, आणि मग अंगावरचा कपडा फाडे. जवळचं माणूस गेल्यावर तसा का फाडतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कोर्टातून हरून जातानाही तो मान ताठ ठेवूनच जाई.

मला विचाराल तर अ‍ॅडलरचं सगळंच पटत नाही. सुरीला धार लावणारा माणूस नुसत्या स्वाभिमानाने तिथवर जात नाही. मुलगी गेल्यावर मनात सूड शिरलाच असणार. शेक्सपिअरने त्याला संत केलेलं नाही आणि आपणही करू नये. पण मास्तरांनी मला शिकवलेली वाकलेली पाठ त्या पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही, एवढं मी पुन्हा वाचून पाहिलं.

१९२० साली अ‍ॅडलरला पक्षाघात झाला. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला. अंत्ययात्रेला रस्ते माणसांनी भरले होते. त्याची मुलगी स्टेला पुढे अभिनय शिकवू लागली. मार्लन ब्रँडो तिचाच विद्यार्थी.

परवा नातू शाळेतलं तेच नाटक घेऊन आला. विचारत होता, आजोबा, हा व्हिलन आहे की नाही? मी म्हटलं, आधी कोर्टात तो पैसे का नाकारतो तिथून वाच, आणि मोठ्याने वाच. वाचता वाचता तो आपोआप खुर्चीत सरळ बसला.