काचीगुड्याचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम आणि हैदराबाद पोलिसांचा फुटबॉल संघ

अकोल्याच्या लोकांना काचीगुडा हे नाव गाडीमुळे माहीत आहे. पूर्णा, नांदेडमार्गे हैदराबादला जाणारे आपले कितीतरी लोक तिथेच उतरतात. त्याच काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये एकेकाळी एक मास्तर शिकवत होते. पुढे या मास्तरांनी भारताला आशियाई खेळांत फुटबॉलची दोन सुवर्णपदकं मिळवून दिली आणि ऑलिम्पिकमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत नेलं. त्यांचं नाव मरहूम सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साहेब म्हणत.

२०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे नव्या पिढीला हे नाव कळलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो चित्रपट मुख्यतः भारतीय संघाचा आहे. रहीम साहेबांचा पेशा शिक्षकाचा होता आणि त्यांचं सगळं यश त्या पेशातूनच आलं, ही बाजू आपण शिक्षकांनी आणि पालकांनी जास्त लक्षात घ्यायला हवी.

शिक्षण आणि नोकरी

रहीम साहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते बी.ए. झाले. त्या काळी उस्मानियात वरचं शिक्षणसुद्धा उर्दूतून दिलं जायचं. विद्यापीठाच्या संघात ते फुटबॉल खेळले, नंतर शहरातल्या लीगमध्येही खेळले. पण पोटापाण्यासाठी त्यांनी शाळा निवडली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी काम केलं. मधेच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेत खेळाची जबाबदारी अंगावर घेतली.

चाळीसच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. शाळेतली पोरं, मोहल्ल्यातले क्लब आणि शहराचा मोठा संघ हे तिन्ही एकाच माणसाच्या नजरेखाली आले. हैदराबादच्या फुटबॉलचा पाया इथे पडला.

पोलिसांचा संघ

हैदराबाद सिटी पोलीस हा संघ १९३९ च्या सुमारास उभा राहिला. त्या वेळी आजच्यासारखे करार आणि लिलाव नव्हते. चांगल्या खेळाडूला पोलीस खात्यात नोकरी मिळायची, पगार चालू राहायचा आणि खेळही. गरीब घरच्या पोरासाठी ही मोठीच गोष्ट होती.

१९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात विलीन झालं. तो काळ तिथल्या मुसलमानांसाठी किती कठीण होता हे वेगळं सांगायला नको. आपलं वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच होतं, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक घरांचे धागे तिकडे जोडलेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबाद पोलिसांनी ड्युरँड कप जिंकला आणि मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. रोव्हर्स ही मुंबईची १८९१ पासूनची जुनी स्पर्धा. रहीम साहेबांच्या संघानं ती १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं जिंकली. कलकत्त्याचे मोठमोठे क्लब बघत राहिले. १९५१ मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा भारतीय संघाची सूत्रंही रहीम साहेबांकडेच होती. अंतिम सामन्यात इराणला १-० नं हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं.

शिकवण्याची पद्धत

आता मुद्द्याची गोष्ट. रहीम साहेब काय वेगळं करायचे?

त्या काळी आपल्याकडे फुटबॉल म्हणजे चेंडू मिळाला की एकट्यानं तीन-चार जणांना चकवत पळायचं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या. रहीम साहेबांनी चक्क अशा स्पर्धा भरवल्या ज्यात चेंडू घेऊन पळायलाच मनाई होती. आला की लगेच साथीदाराला द्यायचा. काही सामने असे ठेवले की कमजोर पायानंच खेळायचं, म्हणजे उजव्या पायाचा खेळाडू डाव्यानं. कोणत्याही शिक्षकाला हे लगेच समजेल. पोराला जे येतं तेच करायला दिलं तर ते खूश राहतं, पण जे येत नाही ते करायला लावलं तरच ते शिकतं.

जगात काय चाललंय यावरही त्यांची नजर असायची. ब्राझीलमुळे गाजलेली ४-२-४ ची रचना त्यांनी आपल्या खेळाडूंना लवकर शिकवली. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा इथल्या गरीब घरातला तुळसीदास बलराम त्यांनीच हेरला. रोज सरावाला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलचा खर्च रहीम साहेबांनी उचलला. पुढे हाच बलराम देशाच्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक झाला. पोरगा कुठल्या घरचा, कुठल्या धर्माचा, हे त्यांच्या मैदानावर कधी आडवं आलं नाही.

हेलसिंकी ते जकार्ता

सगळंच सोपं गेलं असं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. थंडीत, ओल्या मैदानावर आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

चार वर्षांनी मेलबर्नला संघ गेला तेव्हा त्यात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादी खेळाडू होते. हंगेरीनं माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार झाली. मग ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात ४-२ नं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आणि कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून हार झाली, तरी चौथा क्रमांक मिळाला. १९६० मध्ये रोमला फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली.

१९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० नं गेला. त्यात इस्रायल आणि तैवानला वगळल्याच्या वादात भारतीय पदाधिकाऱ्यानं आक्षेप घेतल्यामुळे तिथले प्रेक्षक भारताविरुद्ध चिडलेले. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच. डोक्याला जखम झालेला बचावपटू जर्नेलसिंग याला रहीम साहेबांनी पुढच्या फळीत खेळवलं होतं. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे गोल झाले आणि भारत २-१ नं जिंकला.

परतल्यावर थोड्याच महिन्यांत कर्करोगानं त्यांना अंथरुणाला खिळवलं. ११ जून १९६३ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

नंतर काय झालं?

आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर मिळालेलं नाही. १९६० नंतर ऑलिम्पिकची पात्रताही नाही. आंध्र पोलीस असं नवं नाव घेतलेला तो संघ हळूहळू मागे पडला. कलकत्त्याचे क्लब हैदराबादचे खेळाडू घेऊन जायचे, ते तर आधीपासूनच चालू होतं. पण रहीम साहेब असताना एक गेला की शाळेच्या मैदानावरून दुसरा तयार होऊन यायचा. ते गेल्यावर ती वाट आटली. संघाचं नाव होतं, खात्यात नोकऱ्या होत्या, पण घडवणारा नव्हता.

आज क्लबांकडे पैसा आहे. पुण्याचा एफसी पुणे सिटी हा व्यावसायिक क्लब २०१४ मध्ये मोठ्या थाटात आला आणि २०१९ मध्ये बंद झाला. पाच वर्षांत खेळ खल्लास. त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला. म्हणजे मालक बदलले, शहर बदललं की क्लब संपतो. याच्या उलट, एका शाळामास्तरानं पगाराच्या पैशात जे उभं केलं ते दोन दशकं टिकलं, आणि त्याच्या जोरावर देश जिंकला.

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शंभर वर्षांहून जुनी संस्था आहे. शारीरिक शिक्षण ही गंभीर विद्या आहे हे वऱ्हाडाला नव्यानं सांगावं लागत नाही. तरीही आपल्याकडच्या अनेक शाळांत, उर्दू असो की मराठी, खेळाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा उरकायचा तास झाला आहे. कुठे मैदान आहे तर चेंडू नाही, कुठे चेंडू आहे तर शिकवणारा नाही. रहीम साहेबांना त्यांच्या हयातीत पद्म पुरस्कार मिळाला नाही, याची खंत अनेकजण व्यक्त करतात आणि ती बरोबरच आहे. पण त्यांची खरी कदर करायची असेल तर आठवड्यातला तो एक तास पोरांना परत द्यायला लागेल. त्यासाठी सरकारची वाट बघायची गरज नाही. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढी एक मागणी केली तरी सुरुवात होईल.