हुतात्मा अनंत कान्हेरे

नाशिकला अनंत कान्हेरे यांच्या नावाचे मोठे मैदान आहे. तेथे क्रिकेटचे सामने होतात म्हणून नाव ऐकून असतो. पण फासावर चढला तेव्हा हा मुलगा अवघ्या अठरा वर्षांचा, म्हणजे आपल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शोभेल असा होता, हे कितीजणांच्या ध्यानात असते?

अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचा कोकणातला, खेड तालुक्यातील आयनी गावचा. इंग्रजी शिकण्यासाठी तो निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस मामांकडे आला. पुढे नाशिकच्या गुप्त मंडळातील तरुणांशी त्याचा संबंध जुळला. तेव्हा नाशकात संताप धुमसत होता. केवळ कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप, काळे पाणी झाले होते. त्यांना खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे धाडले ते कलेक्टर जॅक्सन यांनी.

या जॅक्सनसाहेबांची बदली झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींच्या ‘शारदा’ नाटकाला ते आले असता अनंताने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. साहेब ठार झाले. अनंत जागीच पकडला गेला. त्याच्या हातचे ब्राउनिंग पिस्तूल विनायकराव सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्यांपैकी होते. त्या धाग्यावरूनच पुढे विनायकरावही अंदमानात गेले. कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे आणि अनंत यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

आपल्या व्याख्यानांत बहुधा येथेच टाळ्या पडतात. मला मात्र जॅक्सनविषयी थांबावेसे वाटते. हा गृहस्थ संस्कृतचा जाणकार. लोक त्याला पंडित म्हणत. तो राक्षस नव्हता, हे मान्य करायला आपण का कचरावे? पण त्यामुळे अनंत माथेफिरू ठरतो, हेही मला पटत नाही. साहेब संस्कृत वाचत होता आणि कवितांबद्दल माणसाला कोर्टात धाडतही होता. ज्याला मत नाही, कौन्सिलात जागा नाही, छापखान्यातही मोकळीक नाही, त्या मुलाला दाद मागायला दुसरे कोणते दार उघडे होते? एक जीव गेला याचे दुःख मी नाकारीत नाही. पण तेवढ्याने अनंताला दोषी ठरविणे मला जमत नाही.

जॅक्सनने लोकरूढी व समजुतींची टिपणे जमविली होती. ती त्याच्या मागे एन्थोवेन यांनी ग्रंथरूपाने काढली. गुजरातचा भाग १९१४ साली निघाला, कोकणचा १९१५ साली. माहिती पुरविली होती ती खेडोपाडीच्या शाळामास्तरांनी.