एका भयपटाचे धनी किती?

चित्रपट कोणाचा, असे विचारले की आपण सहजच दिग्दर्शकाचे नाव घेतो. श्रमविभागणीतून सिद्ध झालेल्या वस्तूचे सारे श्रेय एकाच खात्यावर जमा करण्याची ही रीत कितपत न्याय्य आहे, हे पाहावयाचे असेल तर जर्मन दिग्दर्शक फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ यांचे जीवन पाहावे.

मुर्नाऊ यांचा जन्म २८ डिसेंबर १८८८ रोजी बीलेफेल्ड येथे झाला. मूळ आडनाव प्लुम्पे. मुर्नाऊ हे बव्हेरियातील एका गावाचे नाव त्यांनी पुढे धारण केले. विद्यार्थिदशेतच रंगभूमीचे थोर दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी त्यांना हेरले. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते. युद्ध संपताच ते चित्रपटांकडे वळले.

१९२२ साली पडद्यावर आलेल्या 'नोस्फेरातू' या मूकपटाने त्यांचे नाव अजरामर केले. परंतु या रक्तपिपासू पिशाच्चाच्या कथेची कल्पना मुळात त्यांची नव्हे. चित्रकार आल्बिन ग्राऊ यांनी त्यासाठी 'प्राना फिल्म' ही कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला आणि नेपथ्य व वेशभूषाही स्वतःच रेखाटली. पटकथा हेन्रिक गालेन यांची, छायालेखन फ्रित्झ आर्नो वाग्नर यांचे, तर माक्स श्रेक या नटाने पिशाच्चाला देह दिला. कथेचा काळ १८३८ हा ठरवण्यात आला होता. तो उभा करण्यासाठी मुर्नाऊ यांनी केवळ स्टुडिओवर विसंबून न राहता विस्मार आणि ल्युबेक या जुन्या नगरांतील इमारती, तसेच स्लोव्हाकियातील ओरावा किल्ला कॅमेऱ्यात आणला. प्रत्यक्ष निसर्गातूनच भय निर्माण करण्याची ही दृष्टी मात्र त्यांची. गालेन यांच्या पटकथेची मुर्नाऊ यांनी हाताने टिपणे केलेली प्रत उपलब्ध आहे. दुसऱ्याच्या कामाचा आदर राखून त्यावर आपला संस्कार करणे म्हणजे काय, ते तीत दिसते.

या हिशेबात एक देणे मात्र चुकते करायचे राहिले. कथा ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून घेतली होती. पात्रांची नावे बदलली, पण हक्क विकत घेतले नाहीत. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स न्यायालयात गेल्या. कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या, म्हणूनच आज आपण तो पाहू शकतो.

फ्लॉरेन्सबाईंची तक्रार रास्त होती, यात शंका नाही. ज्याच्या भांडवलावर इमला उभा राहतो, त्या मूळ लेखकाचा वाटा बुडवणे हे कलेच्या नावाखालीही क्षम्य ठरत नाही. तथापि दिवाळखोराकडून वसुली होत नाही म्हणून वस्तूच जाळावी, हाही न्याय नव्हे. त्यात ऋणकोबरोबर ग्राऊ, वाग्नर, श्रेक यांचे निरपराध श्रमही भस्मसात झाले असते.

मुर्नाऊ पुढे अमेरिकेत गेले. तेथील त्यांच्या 'सनराइज'ला १९२९ साली पहिल्याच ऑस्कर समारंभात गौरव लाभला. ११ मार्च १९३१ रोजी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची थोरवी सहकाऱ्यांची नावे घेतल्याने उणावत नाही. उलट, इतक्या जणांचे गुण एका दृष्टीत गुंफता येणे, हीच त्यांची खरी मिळकत होय. श्रेयाची वाटणी करताना आपण ती विसरू नये, आणि स्टोकर यांचे देणेही.